तीन नंबरचा प्लग

आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरून आम्ही साखरप्याच्या सपाटीला लागलो. मी ॲक्सिलरेटर दिला आणि आरशात निळसर धुराचा लोट दिसला. मागचा दुचाकीवाला तोंडावर रुमाल धरून बाजूला झाला. धूर विरला, पण पुढच्या अर्ध्या किलोमीटरात गाडी थरथरायला लागली. इंजिनाचा सलग आवाज तुटला. तीन ठोके आणि एक खड्डा, पुन्हा तीन ठोके आणि एक खड्डा. "मिसिंग आलं," शेजारी डोळे मिटून बसलेले अण्णा म्हणाले.

गेल्या जूनमधली ही गोष्ट. देवरुखजवळच्या गावी पोचेपर्यंत गाडी तशीच लंगडत गेली. त्या निळ्या धुराचा अर्थ मला तेव्हा कळला असता, तर पुढचे चार महिने आणि बरेच पैसे वाचले असते.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८८ची. अण्णांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. मूळ इटलीच्या फियाट ११००ची, म्हणून आमच्या घरात तिला अजून 'फियाट'च म्हणतात. १०८९ सीसी, चार सिलिंडर, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्या बातमीचं कात्रण अण्णांनी आमच्या गाडीच्या आरसी बुकासोबत जपून ठेवलंय. या गाडीत सेन्सर नाही, संगणक नाही, बिघाडाचा कोड दाखवणारा दिवा नाही. काय दुखतंय ते ती आवाजातून, वासातून आणि धुरातून सांगते.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. मिसिंग म्हणजे काय, ते मला पुस्तकापुरतं ठाऊक होतं. प्रत्येक सिलिंडरला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, पुरेसा दाब, आणि वेळेवर ठिणगी, जी स्पार्क प्लग पाडतो. यातली एक जरी चुकली, तर त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही आणि बाकीचे तीन त्याचं ओझं ओढतात. गाडी थरथरते, पिकअप जातो, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडतं. आता तीनातलं नेमकं काय चुकलंय, हे शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं.

कोल्हापूरला परतल्यावर गाडी एका गॅरेजला दिली. नाव घेत नाही, माणसं कष्टाळू होती. पाऊस सुरू होता म्हणून त्यांनी आधी डेल्कोचं झाकण काढलं, आतला ओलावा पुसला, रोटर घासला. (ठिणगीचा करंट पाळीपाळीने चारही प्लगना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडचे सगळे मिस्त्री डेल्कोच म्हणतात.) गाडी दोन दिवस बरी चालली. मग नवे प्लग घातले. दोनशे किलोमीटर छान गेले आणि मिसिंग परत आलं. मग पॉइंट आणि कंडेन्सर, मग कार्बोरेटर खोलून जेट साफ, नवं किट, मग पुन्हा नवे प्लग. दर वेळी थोडे दिवस बरे जायचे आणि आम्हाला वाटायचं, सापडलं. ऑगस्टअखेर साडेसहा हजार रुपये खर्च झाले होते आणि ॲव्हरेज बारावरून नवावर आलं होतं. शेवटी ते म्हणाले, "बोअर गेलाय, सिलिंडर आतून झिजलेत. इंजिन करायला लागेल. चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चला."

त्या संध्याकाळी अण्णा शेडमध्ये जाऊन बराच वेळ गाडीत बसून राहिले. जेवायला बोलवायला गेलो तेव्हा म्हणाले, "एवढे पैसे या गाडीत घालायचे नाहीत. देऊन टाक." ते आवाज न चढवता म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे एका लेथच्या कारखान्यात सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री दुपारचे येऊन बसतात. कारखाना त्यांच्या पुतण्याचा. आयुष्यभर त्यांनी फियाट आणि ॲम्बेसिडरच केल्या. मी सगळी हकीकत सांगितली, काय काय बदललं त्याची यादी वाचली. त्यांनी एकच विचारलं, "जुनं प्लग कुठं हायत?"

"टाकून दिले असतील."

"मग कळायचं कसं?" ते म्हणाले. "प्लग म्हंजे डाक्टरानं बघायची जीभ, सर. तुमी दर टायमाला जीभ पुसून पेशंट दाखवताय. आता काढाल तवा पुसू नका. हाय तसं काढा, कुठल्या शिलिंडरचा कुठला ते लिवून ठिवा आन् माझ्याकडं घिऊन या."

तीन महिन्यांत आम्ही प्लग दोनदा बदलले होते आणि एकदाही त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. घाणेरडा प्लग हा बिघाड समजून आम्ही तोच फेकत राहिलो. तो घाण का होतोय, हा प्रश्न मात्र इंजिनातच राहिला. नवा प्लग काळा पडायला दोनशे किलोमीटर लागायचे, तेवढेच काय ते आमचे बरे दिवस.

रविवारी सकाळी सुरुवात केली. प्लग काढण्याआधी कोणता सिलिंडर मिस मारतोय ते ठरवायचं होतं. इंजिन गरम करून स्लोवर ठेवलं. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे प्लास्टिकच्या मुठीची पक्कड घेऊन एकेका प्लगची टोपी काढायची आणि आवाज ऐकायचा. हाताने काढू नये, झटका चांगलाच बसतो. काढलेली टोपी नुसती लोंबकळत ठेवायची नाही, नाहीतर कॉइलवर ताण येतो. म्हणून जवळ एक जुना प्लग इंजिनाच्या लोखंडाला तारेने बांधून ठेवला होता, टोपी लगेच त्याच्यावर. रेडिएटरकडून एक नंबर: टोपी काढली तसं इंजिन खाली बसलं, बंद पडायला आलं. म्हणजे हा सिलिंडर काम करत होता. दोन नंबर: तेच. चार नंबर: तेच. तीन नंबरची टोपी काढली आणि काहीच झालं नाही. आवाज होता तसाच. तीन नंबर कामावरच नव्हता.

मग गाडी घेऊन वाघबीळपर्यंत जाऊन आलो. याला कारण आहे. गाडी स्लोवर बराच वेळ ठेवून प्लग काढला, तर चांगल्या इंजिनाचाही प्लग काळाच निघतो. रस्त्यावर नेहमीच्या वेगाने चालवायची, घरी आलं की लगेच चावी बंद करायची, मगच प्लग खरं बोलतो. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग पान्याने जोर लावला तर आटे निघून येतात. प्लगभोवतीच्या खळग्यातली धूळ सायकलच्या पंपाने उडवली, नाहीतर ती प्लग निघाल्यावर थेट आत जाते. मग एकेक प्लग काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये आकडे लिहून ठेवला.

एक, दोन आणि चार नंबरच्या टोकांवर मऊ, कोरडी काजळी होती, कंदिलाच्या काचेवर धरते तशी. बोट लावलं की बोटाला काळं लागायचं आणि खालची चिनी माती दिसायची. तीन नंबर मात्र ओला. काळा, चकचकीत, आट्यांपर्यंत चिकट. पेट्रोलने भिजलाय की तेलाने, ते ठरवायला मी तो कोऱ्या कागदावर टेकवला. पेट्रोलचा डाग काही मिनिटांत उडून जातो. हा डाग भज्यांच्या कागदासारखा आरपार दिसायला लागला आणि तसाच राहिला.

शाळेतलं मल्टिमीटर आणलं होतं. नव्या प्लगच्या मधल्या दांड्यापासून बाहेरच्या लोखंडापर्यंत मीटर काहीच दाखवत नाही, कारण मध्ये चिनी मातीचं इन्सुलेशन असतं. तीन नंबरला काही लाख ओहम दिसले. म्हणजे काजळीने वाट करून दिली होती. कॉइलमधून हजारो व्होल्ट येतात, ते गॅपमधून उडी मारण्याऐवजी या काळ्या वाटेने गुपचूप लोखंडात उतरतात आणि ठिणगी पडतच नाही. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून बघितला तर ठिणगी दिसायचीही, आणि गॅरेजवाल्यांनी मला तसं दाखवलंही होतं. पण उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबाखालच्या मिश्रणातून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात, आणि तिथेच हा प्लग हरायचा.

मिस्त्रींनी ट्रे हातात घेतला, चष्मा वर केला आणि प्लग डोळ्यांजवळ नेले. "ह्ये दोन आजार हायत," ते म्हणाले. "तीन प्लगांस्नी काजळी आलीया, ती पेट्रोल जास्त जातंय म्हणून. तीन नंबर तर तेलात न्हाऊन आलाय. दोनी एकदम झालं म्हणून तुमची फसगत झाली." मग त्यांनी प्लगवरचा नंबर भिंगाने वाचला. "आन् ह्यो प्लगबी थंड हाय."

प्लग थंड म्हणजे काय, ते जरा सांगतो, कारण मलाही तोपर्यंत नीट माहीत नव्हतं. प्लगच्या टोकाची उष्णता हेडमध्ये किती लवकर जाते, त्यावर तो थंड की गरम ते ठरतं. चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता सावकाश जाते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर थंड. टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याखाली राहिलं तर काजळी साचत जाते. आणि साडेआठशे-नऊशेच्या वर गेलं, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. घोटाळा असा की सगळ्या कंपन्या आकडे एकाच दिशेने मोजत नाहीत. बॉशच्या, म्हणजे पूर्वीच्या मायकोच्या, आताच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम होतो, एनजीकेत आकडा वाढला की थंड. एका कंपनीचा प्लग दुसऱ्याच्या जागी बसवताना गॅरेजमध्ये नेमकी इथे चूक झाली होती. पुस्तकांतल्या प्लगच्या रंगीत चित्रांनीही मला गोंधळात टाकलं होतं. त्यातली कित्येक शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहेत. आपल्याकडे ते पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये देशभर बंद झालं, आणि आताच्या पेट्रोलवर निरोगी प्लगचाही रंग त्या चित्रांपेक्षा फिका येतो.

"आता काय करू?" मी विचारलं.

"एका टायमाला एकच," मिस्त्री म्हणाले. "दोन गोष्टी एकदम बदलला, तर कशानं बरं झालं ते देवालाबी कळायचं न्हाई."

वर्गात मी दर वर्षी मुलांना हेच सांगतो. एक घटक बदला, बाकी स्थिर ठेवा. गाडीच्या बाबतीत मी ते विसरलो होतो.

आधी पेट्रोल जास्त का जातंय ते. एअर फिल्टर स्वच्छ होता. फ्लोटची पातळी कार्बोरेटर खोलला तेव्हा बघितलेली होती. मी अण्णांना डॅशबोर्डवरचा चोकचा (थंड इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल देणारा) खटका ओढून परत आत ढकलायला सांगितला आणि स्वतः कार्बोरेटरजवळ टॉर्च धरला. खटका आत पूर्ण गेला. कार्बोरेटरवरचा लिव्हर मात्र तीन-चार मिलिमीटर अलीकडेच थांबला. बोटाने ढकलला तेव्हा गेला. तार नळीच्या आत गंजली होती. म्हणजे गाडी गरम झाल्यावरही चोक थोडा ओढलेलाच राहायचा आणि चारही सिलिंडरना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जायचं. कार्बोरेटर दोनदा खोलला गेला, पण त्याला जोडलेली ही तार कुणी पाहिली नाही. उद्यमनगरात नवी तार नळीसकट बनवून घेतली. खर्च दोनशे रुपये.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट सांगायला मला दोन दिवस लागले. अण्णा आता एकोणऐंशीचे आहेत. गाडी चालवणं त्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडलं. पण रोज सकाळी चहा झाला की ते शेडमध्ये जातात, चोक ओढतात, गाडी सुरू करतात आणि पाच मिनिटांनी बंद करतात. बॅटरी उतरू नये, इंजिन अडकू नये म्हणून. हा त्यांचा नेम. पाच मिनिटांत, आणि तेही स्लोवर, प्लग तापतच नाही. चोकमुळे जास्तीचं पेट्रोल आत जातं, त्याची काजळी होते आणि ती जाळून टाकायला रस्ता मिळत नाही. शिवाय थंड इंजिनात पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते ते वेगळंच. ज्या गोष्टीने ते गाडीची काळजी घेत होते, तीच गाडीला बाधत होती. हे त्यांना कसं सांगायचं?

शेवटी मी मल्टिमीटर घेऊन त्यांच्याजवळ बसलो. नवा प्लग मोजून दाखवला, काळा प्लग मोजून दाखवला, कारण सांगितलं. त्यांनी प्लग हातात फिरवला, बोटाला लागलेली काजळी पाहिली. "मग रोज नको तर काय करायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर. ते म्हणाले, "मग रविवारी वाघबीळ. मी शेजारी बसणार."

नवी तार बसवून, तेच प्लग वायर ब्रशने साफ करून दीडशे किलोमीटर चालवली. एक, दोन आणि चार नंबर बरेच उजळले. मग योग्य नंबरचे प्लग आणले, गॅप ०.६ मिलिमीटर ठेवला. रस्त्यावरचे मिस्त्री फिलर गेज नसलं तर हॅकसॉ ब्लेड घालून हा गॅप बघतात. ब्लेडची जाडी जवळपास तेवढीच असते, त्यामुळे ती जुगाड पद्धत खरोखर चालते. पुढच्या शंभर किलोमीटरनंतर तीन प्लग बिस्किटाच्या रंगाचे निघाले. इतका सुंदर रंग मी गाडीच्या बाबतीत याआधी पाहिला नव्हता. तीन नंबर अजून ओलाच होता, पण आता त्याच्या शेजारी तीन निरोगी प्लग ठेवता येत होते आणि त्यामुळे त्याचा आजार वेगळा, स्पष्ट दिसत होता.

तीन नंबरचा प्लग एक नंबरला आणि एकचा तीनला घातला. मिसिंग तीनलाच राहिलं. वायरींची अदलाबदल केली, तरी तीनलाच. एका रात्री शेडचा दिवा बंद करून, इंजिन चालू ठेवून, इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो तो पाण्याचा फवारा वायरींवर हलकेच मारला. दोन नंबरच्या वायरवर एक बारीक निळी रेघ चमकली. ती वायर बदलली, पण तीन नंबरला काही फरक पडला नाही. म्हणजे ठिणगीकडून प्रश्न नव्हता. तेल कुठून तरी आत येत होतं.

तेलाला सिलिंडरमध्ये यायला वाटा दोन. खालून, पिस्टनच्या रिंग झिजल्या तर, किंवा वरून, व्हॉल्व्ह ज्या गाइडमधून वरखाली होतो ते झिजलं तर. गॅरेजने पहिली वाट धरून इंजिन करायला सांगितलं होतं. दोन्हींतला फरक कळायला सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लागतं. मिस्त्रींनी आपलं जुनं पितळी गेज फडक्यात गुंडाळून दिलं. चारही प्लग काढले, कॉइलची वायर सोडवली, मुलीला स्टिअरिंगवर बसवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितलं आणि तिने चावी फिरवली. एकेका सिलिंडरला सहा-सहा फेरे. एक नंबर १२५ पौंड, दोन १२८, तीन १२२, चार १२६. रिंग गेलेल्या असत्या तर तीन नंबर खूप खाली दिसला असता. तरी खात्रीसाठी तीन नंबरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजलं. रिंग झिजलेल्या असल्या की तेल फटी भरून काढतं आणि दाब एकदम वर जातो. इथे जेमतेम पाच-सहा पौंड वाढला. खालची वाट बंद होती. तेल वरून येत होतं.

आणि मग मला साखरप्याचा धूर आठवला. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, पण गिअरमुळे चाकं इंजिनाला फिरवत राहतात. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद, पिस्टन मात्र हवा खेचतायत. त्यामुळे इनलेटच्या बाजूला जोरदार ओढ तयार होते आणि सैल गाइडमधून वरचं तेल थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये ओढलं जातं. उतार संपला, पाय दिला, की साचलेलं तेल जळतं आणि निळा धूर निघतो. जे न जळता राहतं ते प्लगवर बसतं. सगळं त्या एका क्षणात आरशात दिसलं होतं.

अण्णांच्या वहीतही ते होतं. पेट्रोल किती, कुठे, किती किलोमीटर, तेल कधी टाकलं, हे १९८८पासून त्यांनी लिहून ठेवलंय. त्या रात्री आम्ही दोघांनी मागच्या सहा वर्षांची पानं काढली. २०१९ मध्ये लिटरभर तेल दोन हजार किलोमीटरला लागायचं. गेल्या वर्षी सातशेला. आकडे स्वच्छ अक्षरात एकाखाली एक होते. ते एकत्र मांडून पाहायला कुणाला सुचलं नव्हतं.

मिस्त्रींनी एक सोपा उपाय सांगितला. फक्त तीन नंबरला गरम प्लग घालायचा, म्हणजे तेल टोकावरच जळून जाईल. मुंबईचे टॅक्सीवाले असं करून वर्ष-वर्ष काढायचे. शहरात चालेल, ते म्हणाले, पण घाट चढताना इंजिन तापलं की तोच प्लग घात करू शकतो. आमची गाडी वर्षातून चार वेळा तरी आंबा घाट चढते. अण्णांनी उत्तर दिलं, "हेड उतरवा." दसऱ्याला गाडी पूजेला उभी पाहिजे, एवढीच त्यांची अट.

हेड आम्ही शेडमध्येच उतरवलं. मिस्त्री स्टुलावर बसून सांगत होते, हात माझे आणि त्यांच्या पुतण्याचे. पाणी काढलं, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड सोडलं. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून आठच्या आठ क्रमाने खोचून ठेवले. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल केले. हेड उचललं तेव्हा मिस्त्रींनी आधी बोअरच्या वरच्या कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. "बोअर झकास हाय," ते म्हणाले. मग हेड उलटं करून तीन नंबरचा इनलेट व्हॉल्व्ह काढला. त्याच्या पाठीवर कोळशाचा टणक गोळा धरला होता, फुलकोबीसारखा. व्हॉल्व्ह परत गाइडमध्ये घालून त्यांनी तो आडवा हलवून दाखवला. हलताना डोळ्यांनी दिसत होता. बाकीच्यांपैकी दोन किंचित सैल होते, पण तीन नंबर इतकं कुठलंच नव्हतं.

लेथवर आठही गाइड नवी ठोकून घेतली, रीमर मारला, सीट कापली, हेडला फेसिंग केलं. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग मी स्वतः केलं. पेस्ट लावून दोन तळहातांत दांडी घुसळायची, ताक घुसळतो तशी, मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची. सीटवर सलग करडी पट्टी उमटेपर्यंत थांबायचं नाही. आठ व्हॉल्व्हना दीड दिवस लागला. शेवटी हेड उलटं ठेवून चारही खळग्यांत पेट्रोल ओतलं आणि अर्धा तास वाट पाहिली. पोर्टातून एक थेंबही उतरला नाही. त्या अर्ध्या तासात अण्णा खुर्ची टाकून टॉर्च घेऊन बसले होते. नवं गॅस्केट, बोल्ट मधून बाहेर, टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत. टॅपेट फिलर गेजने मिस्त्रींनीच लावले. तेवढं ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. सगळं मिळून साडेअकरा हजार रुपये झाले.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी सुरू केली. पहिली काही मिनिटं आत राहिलेल्या तेलाचा धूर आला आणि पोटात गोळा आला. मग तो थांबला. मी पुन्हा पक्कड घेऊन एकेक टोपी काढली. एक, दोन, तीन, चार. चारही वेळा इंजिन सारखंच खाली बसलं. तीन नंबरची टोपी काढल्यावर आवाज पडला, तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या. सकाळी झेंडूची माळ, आपट्याचं पान, चाकांखाली लिंबू.

दिवाळीत गावी निघालो. आंबा घाटात मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ॲक्सिलरेटरला पायही लावला नाही. साखरप्याला सपाटीवर पाय दिला. मी आरशात पाहत होतो, अण्णा मान वळवून मागच्या काचेतून. मागे फक्त ओला रस्ता आणि एक एसटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, इंजिन थंड असताना, अण्णांनी तीन नंबरचा प्लग काढायला लावला. आट्यांना जुन्या तेलाचा पुसट ओशटपणा होता, टोक बिस्किटाच्या रंगाचं. त्यांनी तो कागदावर टेकवला आणि कागद उन्हाकडे धरून पाहिला. मग खिशातून पेन काढून वहीत तारीख घातली, किलोमीटर लिहिले, आणि पुढे: प्लग नं. ३, कोरडा.